छुपा इमोबिलायझर बसवताना: काय तोडायचं, कुठे लपवायचं आणि कोणाला सांगायचं नाही

भोंगा वाजवतो तो अलार्म, गाडी कुठे आहे ते सांगतो तो ट्रॅकर आणि गाडी सुरूच होऊ देत नाही तो इमोबिलायझर. चौकशीला गेलं की ही तिन्ही नावं एका दमात कानावर पडतात आणि नवखा माणूस तिथेच गोंधळतो. अलार्म वाजला तर शेजारीपाजारी खिडकी लावून घेतात. ट्रॅकर कामाला येतो तो गाडी गेल्यावर. गाडी जागची हलू नये, हे काम इमोबिलायझरचं.

माझ्या गाडीत हे बसवून घेताना माहिती तुकड्यातुकड्यांनी मिळाली. थोडी विक्रेत्याने दिली, थोडी बसवणाऱ्याने, आणि बरीचशी वायरिंगच्या आकृतीत डोकं घातल्यावर कळली. तीच इथे क्रमाने मांडतोय, म्हणजे तुम्हाला दारोदार फिरावं लागणार नाही.

यंत्र कुठलं घ्यावं याचा लोक फार काथ्याकूट करतात. माझ्या मते बऱ्या दर्जाच्या दोन यंत्रांत फारसा फरक नसतो. फरक पडतो तो यंत्र नेमकं काय तोडतं, कुठे बसलंय आणि ते किती जणांना ठाऊक आहे यामुळे. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा इथला मुख्य नियम. चोराकडे सगळं असतं, फक्त वेळ नसतो.

१. गाडीत कंपनीचं काय आहे ते आधी बघा

बहुतेक गाड्यांच्या चावीच्या मुठीत एक बारीक चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं वेटोळं असतं. चावी फिरवली की ते १२५ किंवा १३४.२ किलोहर्ट्झवर चिपला जागं करतं, चिप आपली ओळख पटवते आणि मगच ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंजिन चालू राहू देतो. हा कंपनीचा इमोबिलायझर. युरोपीय संघाने १९९८ पासून नव्या प्रवासी गाड्यांना तो सक्तीचा केला. अमेरिकेत तशी सक्ती नव्हती, आणि किआ व ह्युंदाईच्या ज्या मॉडेलांत तो नव्हता ती तिथे २०२२ च्या सुमारास मोठ्या संख्येने चोरीला गेली. कुलपाचं आवरण तोडायचं आणि यूएसबी केबलच्या टोकाने फिरवायचं, एवढंच त्या चोरांना पुरत होतं.

तुमच्या गाडीत तो आहे का, हे मालकाच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. इग्निशन लावल्यावर डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह क्षणभर पेटून विझत असेल तर बहुधा आहेच. नसेल तर बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी हे काम करा.

असला तरी निर्धास्त राहू नका. २००५ मध्येच अमेरिकेतल्या संशोधकांनी एका प्रचलित चिपची ४० बिटांची गुप्तकिल्ली शोधून दाखवली होती. स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला, म्हणजे मेकॅनिक बिघाड तपासायला यंत्र जोडतो त्या सॉकेटला, उपकरण लावून कोरी चावी गाडीला ‘शिकवता’ येते. चावी खिशात ठेवून बटण दाबायच्या गाड्यांचं तर वेगळंच दुखणं आहे. एक माणूस तुमच्या दाराशी उभा राहतो, दुसरा गाडीपाशी, आणि दोघांच्या हातातली उपकरणं चावीचा सिग्नल लांबवून गाडीपर्यंत पोचवतात. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर ही युक्ती यशस्वी करून दाखवली. अगदी अलीकडची वाट हेडलाइटची: दिव्यामागच्या वायरींतून गाडीच्या कॅन बसवर, म्हणजे गाडीतले छोटे संगणक ज्या दोन तारांवर एकमेकांशी बोलतात तिथे, ‘चावी खरी आहे’ असा खोटा निरोप घुसवायचा. २०२३ मध्ये ही पद्धत तपशिलासह उघड झाली.

या सगळ्या वाटा एकाच ठिकाणी पोचतात. गाडीची खात्री पटते की खरी चावी आली. छुपा इमोबिलायझर चावीला विचारतच नाही. त्याचा प्रश्न वेगळा असतो आणि उत्तर फक्त तुम्हाला ठाऊक असतं.

२. काय तोडायचं ते ठरवा

इथे घाई करू नका, सगळ्या कामाचा पाया हाच आहे. गाडी सुरू व्हायला लागणाऱ्या साखळीतली एखादी कडी यंत्र तोडून ठेवतं. कोणती कडी, त्यावर बरंच काही ठरतं.

स्टार्टर: चावी फिरवली तरी इंजिन गरगरतच नाही. यात स्टार्टरला जाणारी जाड केबल तोडत नाहीत, त्याला हुकूम देणारी बारीक वायर तोडतात. सर्वांत सुरक्षित प्रकार हा, कारण इंजिन एकदा चालू झालं की स्टार्टरचं काम संपतं. रस्त्यात यंत्र बिघडलं तरी गाडी बंद पडत नाही. उणीव एवढीच की हाताने गिअर टाकायची गाडी ढकलून सुरू करता येते.

फ्युएल पंप: इंजिन गरगरतं, कधीकधी पाइपात उरलेल्या दाबावर काही क्षण चालतंही, मग विझतं. चोराला वाटतं गाडीतच काही बिघाड आहे, आणि बिघडलेली गाडी त्याला नको असते. म्हणून मला हा प्रकार आवडतो. पण पंपाची वायर फ्यूजबॉक्सच्या आधी तोडून उपयोग नाही, कारण चोर फ्यूजबॉक्सातल्या पंपाच्या रिलेच्या, म्हणजे विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचच्या, जागी तार घालून थेट जोड देतो. तोड फ्यूजबॉक्स आणि टाकी यांच्या मधल्या भागात हवी.

इग्निशन कॉइल (ठिणगी देणारी) किंवा इंजेक्टर (इंधन फवारणारा): पेट्रोल गाडीत फक्त ठिणगी तोडली आणि इंधन चालूच राहिलं, तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं. तो भाग महागाचा आणि नाजूक. कोणी ‘सोपं आहे’ म्हणून फक्त कॉइल तोडायचा सल्ला दिला तर नम्रपणे नाही म्हणा.

कॅन बस: नव्या पिढीची यंत्रं वायर तोडण्यापेक्षा गाडीच्या संगणकांशीच बोलतात. घोस्ट, इग्ला ही नावं या प्रकारातली. ती स्टिअरिंगवरची किंवा दारातली मूळ बटणं वाचतात आणि ठरलेल्या क्रमाने बटणं दाबली गेली नाहीत तर इंजिन चालू राहू देत नाहीत. वायरी कमी, टिकटिकणारा रिले नाही, त्यामुळे शोधायला अवघड. पण ती तुमच्या मॉडेलला आणि त्याच्या उत्पादन वर्षाला चालतात का, हे यादीत बघूनच घ्यावं लागतं.

डिझेलवाल्यांनी मेकॅनिकला विचारूनच ठरवावं. जुन्या डिझेल इंजिनात पंपावरचा इंधन तोडणारा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप, बंद केला की काम होतं, नव्या कॉमन रेल इंजिनांत गणित मॉडेलनुसार बदलतं. हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांत केशरी आवरणाच्या केबलांना कोणीही हात लावता कामा नये, त्यांत विजेचा जीवघेणा दाब असतो. तिथे कॅन बसवरचं यंत्रच घ्यायचं. ते गाडी ‘रेडी’ होऊ देत नाही किंवा पार्किंगमधून हलू देत नाही.

आणि एक गोष्ट लाल अक्षरात लिहून ठेवा: धावती गाडी बंद पाडणारी जोडणी नको. इंजिन बंद झालं की बऱ्याच गाड्यांत पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकचा जोरही ओसरतो. मोबाइलवरून ‘कुठूनही इंजिन बंद करा’ अशी जाहिरात असेल, तर ती आज्ञा गाडी थांबल्यावर लागू होते की धावत असतानाच, हे विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर ते यंत्र घेऊ नका.

रिलेबद्दल थोडं सविस्तर

वायर तोडणाऱ्या यंत्रांत खरं काम रिले करतो, आणि तो कसा जोडलाय हे ग्राहक सहसा विचारत नाही. विचारा. गाडीच्या नेहमीच्या पाच पायांच्या रिलेवर ३०, ८५, ८६, ८७ आणि ८७ए असे आकडे कोरलेले असतात. ८५ आणि ८६ मध्ये वीज सोडली की आतली तारेची कॉइल चुंबक बनते आणि आतली पट्टी ओढून घेते. वीज नसते तेव्हा ३० हा पाय ८७ए ला चिकटलेला असतो, वीज आली की ८७ ला चिकटतो.

आता बघा. वायर ३० आणि ८७ए मधून नेली, तर यंत्राला वीज देऊन ती तोडावी लागते. चोराने यंत्र उपटून टाकलं की रिले सैल पडतो आणि गाडी सुरू! वायर ३० आणि ८७ मधून नेली तर उलट. यंत्र उपटलं तरी गाडी मेलेलीच राहते. पण चालत्या गाडीत यंत्राची वीज गेली तर तोडलेली कडीही बंद होते. म्हणून मला पटलेला तोडगा असा: स्टार्टरसाठी बेधडक ८७ वापरा, कारण धावताना त्याची गरजच नसते. पंपासाठी ८७ वापरायचा असेल तर रिले, त्याचा सॉकेट आणि प्रत्येक जोड अव्वल दर्जाचा हवा, तिथे हात आखडता घेऊ नका. रिलेच्या कॉइलवर डायोड आहे ना, तेही बघून घ्या. रिले बंद होताना उसळणारा उलटा दाब त्याच्यामुळे यंत्रापर्यंत जात नाही.

३. यंत्राला तुमची ओळख कशी पटणार?

छुपा स्विच सर्वांत जुना. इलेक्ट्रॉनिक्स नाही, बॅटरी नाही, बिघडायला काही नाही. पण गाडीतून उतरताना तो बंद करायचा तुमच्या लक्षात राहिला पाहिजे, आणि एक दिवस राहत नाही. जुन्या गाडीला दुसऱ्या उपायाच्या जोडीने ठीक आहे.

टॅग हा खिशात ठेवायचा नाण्याएवढा किंवा कार्डाएवढा तुकडा. जवळ असला की यंत्र आपणहून मोकळं होतं. सोय उत्तम, पण लोक हा टॅग गाडीच्या चावीलाच अडकवतात. मग चावी गेली की टॅगही गेला आणि सगळा खटाटोप पाण्यात. टॅग वेगळ्या खिशात हवा. गाडीच्या कप्प्यात तर मुळीच नको.

बटणांचा पिन म्हणजे वर सांगितलेला मूळ बटणांचा क्रम. जवळ काही बाळगावं लागत नाही आणि हवेतून सिग्नल जात नाही, त्यामुळे तो लांबवताही येत नाही. रोज गाडी चालवणारे एक-दोनच जण असतील तर माझं मत पिनला. घरात पाच जण तीच गाडी नेत असतील तर टॅग बरा, कारण पाच जणांना ठाऊक असलेला पिन गुपित राहत नाही.

मोबाइल अ‍ॅप जोडीला ठीक, एकमेव उपाय म्हणून नको. फोनची बॅटरी संपली की तुम्हीच तुमच्या गाडीबाहेर.

कोणताही प्रकार घ्या, संकटकाळी वापरायचा कोड त्यात असायलाच हवा. टॅग हरवला किंवा पिन विसरला तर गाडी मोकळी करायची ती एकच वाट असते.

४. कागद आणि साहित्य गोळा करा

जाण्याआधी हे जवळ ठेवा:

• गाडीचं नोंदणीपत्र आणि तुमचं ओळखपत्र. मालकी न बघता हे काम करून देणारा भेटला तर तिथून निघा.
• मालकाची पुस्तिका आणि वॉरंटीची पुस्तिका.
• तुमच्या मॉडेलची आणि उत्पादन वर्षाची वायरिंग आकृती. बसवणाऱ्याकडे ती असली पाहिजे, नसेल तर तो अंदाजाने वायरी टोचणार.
• विम्याची पॉलिसी. इमोबिलायझर बसवल्याचं विमा कंपनीला लेखी कळवायचं आहे.
• गाडीच्या सगळ्या चाव्या. चोरीच्या दाव्यात पुष्कळ कंपन्या त्या सगळ्या मागतात, त्यामुळे एखादी आधीच हरवली असेल तर तीही याच फेरीत निकाली काढा: हरवलेली चावी गाडीच्या स्मरणातून पुसून घ्या.
• म्युझिक सिस्टिमला कोड असेल तर तो. बॅटरी काढली की काही गाड्या तो मागतात.

काम झाल्यावर बसवणाऱ्याकडून घ्यायचे कागद: पावती, यंत्राचा अनुक्रमांक असलेलं वॉरंटी कार्ड, बसवल्याचं प्रमाणपत्र, आणि बंद पाकिटात संकटकाळचा कोड. यंत्रावर वर्तुळातल्या ई अक्षराची मान्यतेची खूण आहे का ते पाहा. इमोबिलायझरसाठी संयुक्त राष्ट्रांचा वाहन-नियम क्रमांक ११६ होता, पुढे त्यातून १६२ वेगळा काढला गेला. यांपैकी एकाचा उल्लेख पुस्तिकेत सापडला तर यंत्राची किमान चाचणी तरी झालेली आहे.

साहित्य बसवणाराच आणतो, पण तुमची नजर हवी ती मल्टिमीटर, चिकट आतल्या थराची श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर जोडावर आवळून बसणारी नळी), कापडी टेप, योग्य अँपिअरचा फ्यूज आणि गाडीच्या मूळ वायरीएवढ्या जाडीची वायर यांवर.

५. बसवणारा माणूस निवडा

तुमचं गुपित तुमच्याखेरीज आणखी एका माणसाला कळणार आहे आणि तो हाच. कुंपणानेच शेत खाल्लं तर यंत्र कितीही भारी असून उपयोग नाही.

मी विचारलेले प्रश्न देतो, तसेच्या तसे वापरा. माझ्या मॉडेलवर आधी काम केलंय का? गाड्या कुठे उभ्या करता आणि रात्री चाव्या कोणाकडे असतात? प्रत्येक गाडीत यंत्र एकाच जागी बसवता का? याचं उत्तर ‘हो, आमची ठरलेली जागा आहे’ असं अभिमानाने आलं, तर त्या ठरलेल्या जागेची खबर बाहेरही असणार. कामाचे फोटो काढून जाहिरातीला टाकता का? तुमच्या गाडीचा एकही फोटो नको, हे आधीच सांगा.

काम चालू असताना शक्य असेल तर तिथेच थांबा. खांद्यावरून वाकून त्रास द्यायचा नाही, पण यंत्र शेवटी कुठे गेलं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. पुढे बिघाड शोधताना ते कामी येतं.

वॉरंटीचा घोळही इथेच मिटवा. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी लेखी विचारा. मूळ हार्नेस, म्हणजे कंपनीच्या वायरींचा जुडगा, कापल्यावर विजेच्या बिघाडाचा दावा नाकारला जाऊ शकतो. हार्नेस न कापता मूळ कनेक्टरमध्ये बसणारी जोडणी मिळत असेल तर तीच घ्या.

६. जागा आणि जोडणी

नेमकी जागा मी इथे सुचवणार नाही. लेखात छापून आलेली जागा लपायची राहत नाही. कुठे नको, ते मात्र सांगतो.

स्टिअरिंगच्या खाली, ओबीडी पोर्टजवळ, फ्यूजबॉक्सशेजारी, ग्लोव्हबॉक्सच्या मागे: चोर पहिले तिथेच हात घालतो. एअरबॅगच्या वाटेत किंवा त्याच्या वायरींजवळ नको. त्या वायरी आणि कनेक्टर बहुधा पिवळे असतात, आणि त्यांच्या आसपास काम करायचं तर बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढून पुस्तिकेत सांगितली तितकी मिनिटं थांबावं लागतं. पेडल, सीटचे रूळ, वायपरचे दांडे यांच्याजवळ नको. एक्झॉस्टची उष्णता किंवा पावसाचं पाणी पोचेल तिथेही नको.

बाकी गाडी मोठी आहे. निकष एकच: तिथपर्यंत पोचायला निदान एखादा मोठा भाग खोलावा लागला पाहिजे.

जागेइतकंच महत्त्व वायरी दिसतात कशा याला. डॅशबोर्डच्या आत वाकून टॉर्च मारा. कंपनीच्या वायरींचा जुडगा काळ्या कापडी टेपने गुंडाळलेला दिसेल, थोडा खरखरीत, थोडा धुळकट. त्यात मध्येच चकचकीत प्लास्टिकची टेप आणि लाल-निळ्या दोन नव्या वायरी बाहेर आलेल्या असतील, तर चोराला यंत्र शोधावं लागत नाही, वायरी धरून तो आपोआप पोचतो. नव्या वायरी मूळ जुडग्यातूनच न्यायच्या, त्याच रंगछटेच्या, आणि वरून तशीच कापडी टेप. यंत्रावरचं कंपनीचं नाव खरवडून काढा, किंवा त्यालाही टेप गुंडाळा.

जोड देताना वायरीवर चिमटून बसणारे झटपट कनेक्टर नकोत. ते पहिल्या दिवशी चालतात आणि खड्ड्यांनी सैल होतात. मग गाडी अधूनमधून बंद पडते आणि दोष कुठे आहे ते सापडत नाही. नीट क्रिम्प केलेला किंवा डाख दिलेला जोड, वर श्रिंक स्लीव्ह. यंत्राच्या वीजपुरवठ्यात फ्यूज, तोही जिथून वीज घेतली त्या टोकाजवळ.

काचेवर स्टिकर लावायचा की नाही? विक्रेता हौसेने देतो. यंत्राचं नाव सांगणारा स्टिकर म्हणजे चोराला पुस्तिका वाचून यायचं आमंत्रण. लुकलुकणारा लाल दिवा भुरट्या चोराला दूर ठेवतो, पण सराईताला सांगतो की इथे काहीतरी आहे. मी दोन्ही टाळले.

७. ताब्यात घेण्याआधी तपासा

पैसे देण्याआधी, बसवणाऱ्याच्या समोर:

• ओळख न पटवता गाडी सुरू करून बघा. ठरल्याप्रमाणेच वागते का? पंप तोडलेल्या गाडीत हे सारखं करू नका, इंधनाचा दाब कमी असल्याची नोंद होऊन चेक इंजिनचा दिवा लागू शकतो.
• यंत्र चालू असताना बॅटरीचं टोक काढून पुन्हा जोडा. गाडी मोकळी झाली तर ते यंत्र कुचकामी. बॅटरी काढणं ही चोराची साधी युक्ती आहे.
• सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणारी सोय असेल तर तिच्यासह एक फेरी मारा. यंत्राला तो थांबा ‘गाडी बंद केली’ असा वाटता कामा नये.
• टॅग असेल तर तो लांब नेऊन, मग खिशात, मग पाकिटात ठेवून बघा. किती अंतरावर सुटतो ते कळलं पाहिजे.
• संकटकाळचा कोड एकदा प्रत्यक्ष वापरा. कागदावरचा कोड चुकीचा निघाला, हे नको त्या वेळी कळून उपयोग नाही.
• डॅशबोर्डवर आधी नसलेला एखादा दिवा आता पेटलेला नाही ना?

शेवटी बॅटरीची गळती मोजून घ्या. गाडी लॉक करून अर्धा तास थांबा, म्हणजे सगळे संगणक झोपी जातात, मग निगेटिव्ह टोकाशी मल्टिमीटर मालिकेत, म्हणजे टोक आणि केबल यांच्या मधे, लावा. उभ्या गाडीने सर्व मिळून ५० मिलिअँपिअरच्या आत राहावं, असा मेकॅनिकांचा ठोकताळा आहे. त्यात इमोबिलायझरचा वाटा काही मिलिअँपिअरचाच हवा. हिशेब सोपा आहे: १० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला ०.२४ अँपिअर-तास, महिन्याला साधारण ७.२. चांगल्या ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला ते झेपतं. हाच वाटा ५० चा असेल तर महिन्याला ३६ जातात, आणि महिनाभर उभी राहिलेली गाडी तुमच्यासाठीही सुरू होत नाही.

८. घरी आल्यावर

बसवणाऱ्याने ठेवलेला पिन त्याच दिवशी बदला. जन्मवर्ष किंवा एकच बटण चार वेळा दाबणं नको. एकच बटण सारखं दाबलं की त्यावरचा रंग उडतो, आणि क्रम पाठ नसला तरी बटण कोणतं ते कळतं. शेजारी पाहुणा बसलेला असताना पिन टाकायची वेळ येतेच. हात बटणांवर सहज पडावा अशी जागा निवडली तर कोणाच्या लक्षात येत नाही.

गाडी सर्व्हिसिंगला देताना पिन सांगू नका. बहुतेक यंत्रांत सर्व्हिस किंवा व्हॅले मोड असतो. तो लावला की यंत्र काही काळ गप्प बसतं. गाडी परत घेतल्यावर तो बंद झालाय का हे बघायलाच हवं. काही यंत्रांत ठरावीक वेग ओलांडला की तो आपोआप बंद होतो, काहींत तुम्हाला करावा लागतो. आपलं कुठल्या जातीचं आहे ते पुस्तिकेत पाहून घ्या. टायर बदलणाऱ्याला किंवा गाडी धुणाऱ्याला ‘आतमध्ये एक यंत्र आहे, जरा जपून’ असं सांगायची गरज नसते.

टॅगची बॅटरी वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवशी बदला. बहुधा सीआर २०३२ असते. कोडाचं पाकीट घरी ठेवा, गाडीत नको. घरच्या एका विश्वासाच्या माणसाला ते कुठे आहे एवढं माहीत असू द्या.

कधी गाडी सुरू झाली नाही तर लगेच इमोबिलायझरवर खापर फोडू नका. आधी बॅटरीचा दाब बघा. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते, आणि ती बरीच उतरली की ही यंत्रं विचित्र वागतात. मग टॅगची बॅटरी, मग फ्यूज, मग संकटकाळचा कोड. टो करणाऱ्याला बोलवावं लागलं तरी यंत्राबद्दल एक शब्द नाही, गाडी फक्त ‘बंद पडली’ आहे.

इमोबिलायझर गाडी उचलून नेणाऱ्या टेम्पोला अडवत नाही, काच फोडणाऱ्यालाही नाही. स्टिअरिंगला लावायचं दिसणारं कुलूप आणि वेगळा लपवलेला ट्रॅकर जोडीला असला तर बरं. बटणाच्या गाडीची चावी घरात दारापासून लांब आणि सिग्नल अडवणाऱ्या पिशवीत ठेवा. पिशवी घेतल्यावर चावी आत घालून गाडीच्या दाराशी उभं राहा. दार उघडलं तर पिशवी बदलून घ्या.

९. गाडी विकताना

इथे लोक दोन टोकं गाठतात. कोणी यंत्राबद्दल सांगतच नाही आणि नवा मालक आठवडाभराने रस्त्यात अडकतो, तर कोणी पहिल्याच फोनवर सगळं सांगून मोकळा होतो. गाडी बघायला येणाऱ्याला काही सांगू नका. फेरीसाठी गाडी देताना यंत्र आधीच मोकळं करून ठेवा. व्यवहार पूर्ण होऊन नाव बदलल्यावर नव्या मालकाला समोर बसवून पिन बदलायला लावा, कोडाचं पाकीट, टॅग आणि वॉरंटी कार्ड त्याच्या हाती द्या. अ‍ॅप असेल तर आपलं खातं त्यातून काढून टाका आणि विमा कंपनीला कळवा.

यंत्र काढून दुसऱ्या गाडीत लावायचा मोह होतो. कॅन बसचं यंत्र तसं नेता येतं का, हे ते बनवणाऱ्याला विचारून ठरवा. रिलेचं यंत्र काढलं तर कापलेली मूळ वायर पुन्हा नीट जोडून, डाख देऊन, स्लीव्ह चढवून द्यावी लागते. त्या मजुरीत नवं यंत्र येत असेल तर जुनं गाडीबरोबरच जाऊ द्या.